न बघता सुटणारी आत्या

इंचाची पाठ धरली नसती तर मला काही कळलंही नसतं. इंच म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. खिशात कायम मोजपट्टी. आमची मुलगी जन्मली तेव्हा त्यानं आधी पाळणा मोजला आणि मग भाची बघितली. दर रविवारी दुपारी आम्ही लाँड्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. खाली इस्त्रीची वाफ, वर युद्ध. इस्त्रीची दोन जुनी टेबलं जोडून त्यावर करडी चादर, चादरीखाली कपड्यांचे बोळे खुपसून केलेल्या टेकड्या; हा एका दूरच्या ग्रहाचा तिसरा चंद्र. या चंद्राच्या मालकीसाठी आम्ही केस पिकलेली माणसं बोटाएवढे सैनिक आणि मुठीएवढे रणगाडे पट्टीनं मोजून पुढे सरकवतो, फासे टाकतो आणि एकमेकांची पलटण गारद करतो. आमच्या बायका याला बाहुल्या खेळणं म्हणतात, आम्ही मोहीम म्हणतो. या बाबतीत अजून तह झालेला नाही.

माझ्याकडे अग्निबाणांची गाडी आहे. आठ चाकांची, पाठीवर बारा नळ्यांचा पिंजरा. एकेक नळी चिमट्यानं चिकटवून, चाकांवर चंद्राची धूळ रंगवून, मडगार्डला गंज चढवून ती मी उभी केली. खेळात ती टेकडीमागे दडून असते. तिला स्वतःला काहीच दिसत नाही. पुढे कुठेतरी दुर्बीण घेतलेला एक टेहळ्या असतो. त्याला शत्रू दिसला की ही आपल्या जागेवरून, न बघता, सगळ्या नळ्या एकदम सोडते आणि मग दोन फेऱ्या दम खात बसते. अगदी पुढ्यात आलेल्याला मात्र ती काही करू शकत नाही, बाण त्याच्या डोक्यावरून निघून जातात. म्हणून मी तिचं नाव आत्या ठेवलं. ते ऐकून लाँड्रीवाला इतका हसला की म्हणे खाली एका शर्टाची कॉलर जळली. त्या खोलीतल्या प्रत्येकाला एक आत्या होती.

आणि आमच्या टेबलावर एक रिवाज आहे, दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. टेहळ्याला दिसतंय की नाही, हे ज्याचा टेहळ्या त्यानं बघायचं नाही. समोरच्यानं बघायचं. आपला डोळा लोभी असतो, त्याला हवं ते दिसतं. म्हणून शत्रूनं वाकायचं, चादरीला गाल लावायचा, आपल्या टेहळ्याच्या मागून एका डोळ्यानं बघायचं आणि सांगायचं. इंच गेली कित्येक वर्षं माझ्यासाठी वाकतो आणि स्वतःचाच रणगाडा जळणार हे ठाऊक असताना म्हणतो, "दिसतोय, भाऊजी. मारा." कामावरही तेच. मी टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये ढगांच्या शेजारी, तो खाली साइटवर वॉकीटॉकी घेऊन. म्हणजे आठवडाभर माझ्या वतीनं तोच बघतो आणि रविवारीही सुटी घेत नाही.

तर त्या रविवारी त्याची पाठ धरली. टेबलाचा काठ पकडून तो म्हणाला, "मला वाकवत नाही. तुम्हीच बघा. तुमच्यावर विश्वास आहे."

मी वाकलो. उजवीकडे भिंत होती, त्यामुळे उजवा गाल चादरीत रुतला आणि उजवा डोळाही. उरला डावा. समोर ऑक्सिजनचा मनोरा होता, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा, माझ्याच हातानं कापलेला, सरळसोट. तो कमरेत लचकला होता. त्याच्या पायथ्याशी इंचाचा रणगाडा असायला हवा होता. तिथे ओल्या बोटानं शाई पुसावी तसा करडा फराटा होता. मी नजर जरा बाजूला नेली तर रणगाडा कडेला हजर. सरळ बघितलं की गायब. बघितलं की नाही, नाही बघितलं की आहे. एखाद्या उधार मागणाऱ्या मित्रासारखा.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"काय नाही दिसत?"

"तुझा रणगाडा."

"अहो भाऊजी, उघड्या मैदानात उभा आहे तो! मी आमिष म्हणून ठेवलाय."

"असेल. माझ्या टेहळ्याला दिसत नाही."

उघड्यावरचं सोपं सावज कुणी स्वतःहून सोडल्याचं त्या चंद्रावर आजवर घडलेलं नव्हतं. लाँड्रीवाला हळूच म्हणाला, "इंच्या, जपून. हा काहीतरी मोठा डाव टाकतोय." झालं. इंचानं उरलेली दुपार माझ्या नसलेल्या डावाची वाट अडवण्यात घालवली, निम्मी पलटण उलट्या तोंडानं फिरवली, आणि मी जिंकलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही मग तिथल्या तिथे एक डाव रचून सांगितला, चांगला तीन टप्प्यांचा, आणि ते माना डोलावत ऐकत राहिले. मला हे नेहमीच जमत आलंय. क्रेनवरून मी समुद्र पाहिलाय, जो आमच्या शहरापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे. हुकावर एक घार झोपली म्हणून मी सबंध सकाळ काम बंद ठेवलंय. समोरच्या इमारतीत दाढी करणाऱ्या माणसाला, डाव्या कानाखाली राहिलंय, हे हातवाऱ्यांनी सांगितलंय आणि त्यानं मान झुकवून आभार मानलेत. लोक थोडं खरं मानतात आणि पुष्कळ हसतात. पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदाच वाटलं की इतक्या वर्षांत मी खरी गोष्ट ठेवायला कुठे जागाच सोडलेली नाही.

घरी आल्यावर मी न्हाणीघरात उभा राहिलो. उजवा डोळा तळव्यानं झाकला की टाइलांच्या रेषा मधोमध पाण्यात पडल्यासारख्या हलायच्या, डावा झाकला की शहाण्यासारख्या सरळ. दोन्ही उघडे ठेवले की सगळं ठीक, जणू काही झालंच नाही. म्हणजे उजवा डोळा डाव्याचं पाप झाकत होता, चांगल्या घरातल्या थोरल्या भावासारखा. हा प्रकार कधीपासून चालला होता कुणास ठाऊक. मी झाकत होतो, उघडत होतो. बाहेरून बायको म्हणाली, "अहो, टाइल्स आजच बसवल्यात का? किती बघायचं ते?" मी म्हटलं, "एक सैल झालीय." ती म्हणाली, "मग ती तुम्ही बघून घट्ट होणार आहे का? या बाहेर." मी बाहेर आलो आणि तिच्याकडे डाव्या डोळ्यानं बघितलं. तिचा चेहरा नव्हता. कान होते, केस होते, कानातले हलत होते आणि मध्ये तो फराटा बोलत होता, "भाजी गरम करू का?" मी घाईनं दुसरा डोळा उघडला. ती पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवशी शिडी चढताना मी नेहमीपेक्षा मोठ्यानं गुणगुणत होतो. केबिनमध्ये बसलो, दांडे हातात घेतले, आणि शहर पायाखाली पसरलं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, रस्त्यांच्या रेघा. त्या रेघांचाच मला राग आला. सरळ वस्तूंनी भरलेलं शहर बांधण्यात माझा हात होता आणि आता एका डोळ्यापुरतं ते मी वाकवून ठेवलं होतं. मग मला खोड सुचली. तरुण इंजिनिअर स्लॅबवर उभा राहून कुणाला तरी झापत होता. मी उजवा डोळा मिटला आणि त्याचं डोकं पुसून टाकलं. बिनडोक्याचा इंजिनिअर हातवारे करत राहिला आणि कामात काही फरक पडला नाही. मी एकटाच हसलो, काच माझ्या श्वासानं धुरकट झाली, आणि हसता हसता मी दांड्यावरचा हात काढून घेतला. कारण त्याच्या शेजारी सळ्या बांधणारे लोक बसले होते, उकिडवे, माझ्याकडे पाठ करून. ते कधी वर बघत नाहीत. वर मी आहे हे त्यांना पुरतं.

वॉकीटॉकीवर इंच बोलला, "भाऊजी, मागच्या बाजूचा जिना उचलायचाय. तुम्हाला दिसणार नाही, मी सांगतो." इमारतीच्या पलीकडचं ओझं मला कधीच दिसत नाही. त्याला आम्ही आंधळी उचल म्हणतो, आणि नवे क्रेनवाले तिला घाबरतात. त्या दिवशी मी तिच्यात शिरलो तो अंथरुणात शिरावं तसा. "वर. वर. थांबा. उजवीकडे थोडं. अजून एक वीत. खाली घ्या आता." इंचाचा आवाज ओझ्यासकट माझ्या कानात झुलत होता आणि मी डोळे मिटून घेतले, दोन्ही. साच्यात ओतलेला तयार जिना आपल्या जागी असा बसला की आवाजसुद्धा झाला नाही. दिवसभर आंधळ्याच उचली याव्यात असं मला वाटत राहिलं.

आत्या, म्हणजे खरी, मला तेव्हा आठवली. वडिलांची थोरली बहीण, तिनंच मला वाढवलं. ती अखंड बोलायची. आपण काही विचारावं तर भलतंच उत्तर, तेही लांबलचक, आणि ते संपायच्या आत दुसरं सुरू. आल्यागेल्याला ती बोलायला जागाच ठेवायची नाही. लोक तिला तोंडाळ म्हणायचे, गर्विष्ठ म्हणायचे. एका दुपारी लपाछपीत मी अडगळीच्या खोलीत शिरलो आणि बाहेरून कडी पडली. मी दार बडवलं, घसा फुटेस्तोवर ओरडलो. फटीतून मला ती दिसत होती, वाटाणे सोलत बसलेली, शेजारणीशी बोलत. शेजारीण उठून गेली तरी ती बोलतच होती. बोटभर अंतरावर मी आणि ती मला शिक्षा करतेय असं मला वाटलं. नेमकी कशाची ते काही आठवेना, म्हणून मी आजवर केलेल्या सगळ्याची मनातल्या मनात माफी मागून टाकली. संध्याकाळी वडिलांनी कडी काढली. आत्यानं मला बघितलं आणि तिच्या हातातली वाटी पडली. तेव्हाही ती बोलू लागली, वाटाण्यांबद्दल, बाजारभावाबद्दल, आणि बोलता बोलता माझ्या तोंडाकडे, ओठांकडे इतकी टक लावून बघत राहिली की मी घाबरून तोंड मिटून घेतलं. तिला ऐकू येत नव्हतं. कित्येक वर्षं येत नव्हतं. हे आम्हाला ती गेल्यानंतर डॉक्टरकडून कळलं, आणि वडील म्हणाले, "एकदा सांगायचं तरी." सांगायला मध्ये थांबावं लागतं. ती थांबली असती तर कुणीतरी काहीतरी विचारलं असतं.

आठवड्याच्या मध्यावर सळ्यांचा भारा उतरवताना तो मला जिथे वाटला तिथे नव्हता. उघडी उचल, लख्ख ऊन, दोन्ही डोळे उघडे. हातभर अलीकडे असेल म्हणून मी खाली सोडला आणि तो कठड्याला घासून गेला. लोखंडाचा तो आवाज वरपर्यंत आला. सळ्यावाला एक जण मागे उडी मारून बसला आणि मग हसला, माणसं वाचल्यावर हसतात तसा.

"भाऊजी, काय झालं?"

"वारा."

केबिनच्या टपावर एक झेंडी असते. खालून सगळ्यांना दिसते. ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. त्यानंतर इंच प्रत्येक उचलीला बोलू लागला, माझ्या डोळ्यांसमोरच्या उचलीलासुद्धा. "डावीकडे. बस. अर्धी वीत खाली." मी म्हटलं, "मला दिसतंय रे!" तो म्हणाला, "असू द्या. माझ्या तोंडाला चाळा." त्याच्या तोंडाला कधीच चाळा नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याबरोबर, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच मला सगळ्यांत संताप आला.

पुढच्या रविवारी मी जोरात होतो. आल्याआल्या नवी गोष्ट सांगितली, क्रेनवरून दिसलेल्या दोन इंद्रधनुष्यांची, एकमेकांत गाठ बसलेली. लाँड्रीवाल्यानं चहा आणला. खेळ रंगला. आत्या टेकडीमागे, टेहळ्या पुढे कड्यावर, आणि इंचाचा रणगाडा ऑक्सिजनच्या मनोऱ्याजवळ, पुन्हा उघड्यावर. "बघ," मी म्हटलं.

"पाठ अजून धरलीय," इंच म्हणाला. दारातून येताना तो चांगला ताठ चालत आला होता. "तुम्हीच बघा."

वाकण्याशिवाय इलाज नव्हता. पण तो लचकलेला मनोरा मला पुन्हा बघायचा नव्हता. रणगाडा कुठे आहे हे वरून मला पक्कं ठाऊक होतं, बघायचं कशाला? मी गाल चादरीला लावला आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. चादरीला साबणाचा वास येत होता. तिथे अंधारात छान होतं. योग्य तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हणालो, "दिसतोय. अगदी स्पष्ट. वरचा बिल्लासुद्धा दिसतोय."

मी उठलो. मनोऱ्याजवळ चादरीशिवाय काही नव्हतं. इंचानं मूठ पुढे केली आणि उघडली. रणगाडा त्याच्या तळव्यावर उभा होता.

लाँड्रीवाला टेबलावर हात आपटून हसला. "उचलला रे उचलला! काय पण फसवलंय! आता बोललात ना भाऊजी, सोडा आत्याला!" नियमच तसा आहे, एकदा दिसला म्हटलं की गाडी सुटते. मी फासे टाकले. बाण भरकटले आणि बाराच्या बारा माझ्याच टेहळ्यावर येऊन पडले. खोली हसून लोटपोट झाली. मीही हसलो. टेहळ्याला दोन बोटांत उचलून मी टेबलाबाहेर ठेवला, तर तो खाली पडला आणि त्याला शोधायला मी वाकलो नाही. इंच हसत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे, जणू दोन्हींतलं अंतर मोजतोय. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. उत्तर जिभेवर तयारही होतं, झकास होतं. त्यानं विचारलं नाही. पट्टी खिशात घातली आणि म्हणाला, "उद्या भेटू."

उद्या आला. काचेची तावदानं वर चढवायची होती, मोठाली, लाकडी चौकटीत उभी बांधलेली. वरच्या मजल्यावर ती उतरवून घ्यायला दोघं उभे होते, हात वर केलेले. मी ओझं उचललं. इंच गप्प होता. गेले काही दिवस चाललेला त्याचा चाळा बंद होता. मी थांबलो, वाट बघितली. "बोल की," मी म्हटलं.

"उघडी उचल आहे, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्हाला दिसतंय ना?"

सबंध साइट त्याच चॅनलवर असते. काच उन्हात चमकत होती आणि तिच्यात आकाश हळूहळू फिरत होतं. ते दोघं तिच्याखाली होते, नेमके किती खाली ते मला उमगत नव्हतं, हात वर केलेले, माझ्यावर विसंबून. माझ्या तोंडात शब्द आले, भराभर, एकावर एक. झेंडी, वारा, उन्हाची तिरीप, घार. मी त्यातला एकही बाहेर येऊ दिला नाही. एवढं कष्टाचं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत नुसती खरखर वाजत राहिली.

"नाही," मी म्हणालो. "मला नीट दिसत नाहीये."

चॅनलवर कुणीतरी फिसकन हसलं. "भाऊजी, आज काय? आज ढगात रेल्वे का?" दुसरा म्हणाला, "तिकीट काढा आमचंही!" हशा पिकला.

"गप्प बसा," इंच म्हणाला. मोठ्यानं नाही. सगळे गप्प झाले. मग त्यानं त्या दोघांना मागे, पार भिंतीपर्यंत जायला सांगितलं आणि नुसत्या आवाजानं ते ओझं जमिनीवर उतरवून घेतलं. उतरायला फार वेळ लागला. हुक सुटला. मी यंत्र बंद केलं, दार उघडलं आणि शिडीवर आलो.

शिडीच्या मधल्या टप्प्यावर दम घ्यायला लोखंडी जाळीचा एक चौक आहे. तिथे इंच होता. कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेला, चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले. इतकी वर्षं तो जमिनीवरूनच का काम करतो हे मी कधी विचारलं नव्हतं.

"वर कशाला आलास?" मी म्हटलं.

"तुम्ही पडाल म्हणून." दात आवळूनच तो बोलत होता. "कधीपासून?"

"त्याचं असं झालं, इंच्या, एकदा पहाटे..."

"गोष्ट नको."

वारा खरोखरच सुटला होता. मी त्याच्याशेजारी बसलो. "डावा डोळा," मी म्हणालो. "समोरचं पुसलं जातं. कधीपासून ते माहीत नाही. मागच्याच्या मागच्या रविवारी कळलं." एवढंच होतं. मला वाटलं होतं त्याहून फार लहान निघालं.

"ताईला सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगायचं. मी बरोबर येतो. आणि पुन्हा इथे चढायचं नाही."

"बरं."

"'बरं' काय! नोकरी जाईल तुमची!" तो जवळजवळ ओरडला आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, रडू की भीती, ते त्यालाही ठाऊक नसावं. मी म्हटलं, "जाईल." साइट बंद पडली होती. क्रेन थांबली की सगळंच थांबतं.

"चल," मी म्हटलं, "उतर."

"मला खाली बघवत नाही."

"नको बघूस. उजवा पाय सोड. अजून. हां, टेकला. आता हात."

तो एकेक पायरी उतरत होता, एका हातानं माझ्या विजारीचा पाय मुठीत धरून, आणि मी त्याच्या वरच्या पायऱ्यांवरून चांगला डोळा लावून त्याचे पाय सांगत होतो. खाली सळ्यावाले, काचवाले, तो इंजिनिअर, सगळे माना वर करून उभे होते. आमच्यातलं कोण कुणाला उतरवतंय हे त्यांना काही समजत नसावं. मला विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.